शेवाळातले बारीक ‘झिंगे’: जात ठरवायची तर पाय सुटे करावे लागतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही पुण्याहून हरिहरेश्वरला जाऊन खडकांवरचे उल्वा आणि सारगॅसम हे शेवाळ धुतले आणि ३ ते ८ मि.मी. लांबीचे ‘झिंग्यासारखे’ दोनेकशे प्राणी आणले. ते फॉर्मॅलिनमध्ये आहेत. मोबाईलला भिंग लावून फोटो काढले, ॲपने बहुतेकांना ‘गॅमरस’ ठरवले आणि मार्गदर्शकांनी ते नाव एका नजरेत खोडले. आता फोटोत नेमका कोणता अवयव पाहिला म्हणजे जात कळेल, एवढे तुम्हाला हवे आहे.

मार्गदर्शकांचे बरोबर आहे. गॅमरस ही प्रजाती मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या थंड आणि समशीतोष्ण पाण्याची. पाठ्यपुस्तकांत अँफिपॉडचे (तुमचे बहुतेक प्राणी ज्या गणातले, त्या बाजूंनी चपट्या बारीक कवचधारींचे) चित्र म्हणून तीच असते, त्यामुळे बाकदार पाठीचे काहीही दिसले की ॲपला तेच आठवते. (घोळ नको म्हणून आधीच सांगतो: इथे जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस; त्यावर कुल म्हणजे फॅमिली आणि गण म्हणजे ऑर्डर. वर्तमानपत्रांतले ‘प्रजाती’ विसरा.)

तुमची खरी अडचण फोटोच्या अलीकडे आहे. प्राणी आडवा ठेवून, बाहेरून बघून जात कळेल अशी तुमची अपेक्षा आहे. या गटात बाहेरचा आकार गणापर्यंत नक्की नेतो, सराव असेल तर कुलापर्यंत नेतो आणि तिथे थांबतो. पुढचे सगळे बारीकसारीक भागांवर ठरते: दुसऱ्या पायाच्या तळव्यावर दात किती आणि कुठे, जबड्यावरच्या स्पर्शिकेचा शेवटचा खंड सरळ की कोयत्यासारखा वाकडा, शेपटाकडच्या शेवटच्या उपांगाला आतली शाखा आहे की नाही. हे भाग मिलिमीटरच्या अंशाएवढे असतात, एकमेकांवर झाकलेले असतात, आणि बरीच वर्णने पूर्ण वाढलेल्या नरावर बेतलेली असतात. म्हणून दोनशे प्राण्यांपैकी मूठभरांनाच जातीचे नाव मिळणार हे आधी मान्य करा. बाकीचे प्रजाती किंवा कुल या पातळीवर नोंदवणे ही तडजोड नव्हे. प्रामाणिक नोंद तशीच असते.

किती पुढे जाता येईल हे तुमच्या बरणीत काय आहे यावर अवलंबून आहे. प्राणी जिवंत असतानाच फॉर्मॅलिनमध्ये टाकले असतील तर पाय आणि स्पर्शिका तुटून तळाशी बसल्या असतील. त्या तळाच्या गाळातून नॅथोपॉड (पकडायचा पाय) उचलून ‘याचाच असेल’ म्हणू नका. फॉर्मॅलिन बफर न करता, म्हणजे बोरॅक्स वगैरे न घालता, वापरले असेल तर ते हळूहळू आम्लधर्मी होते आणि कवचातला चुना खाते. वरून चपटे असणारे आयसोपॉड मऊ, फिकट झालेले दिसतील. आणि त्या दिवशी शेवाळावर पिल्लेच जास्त असतील, तर कितीही कौशल्य लावा, प्रजातीच्या पुढे सहसा जाता येणार नाही.

सुरुवात बरणीपासून करा. फॉर्मॅलिन हवेशीर जागी, हातमोजे घालून, बारीक चाळणीवर ओता. प्राणी साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन तासभर पाण्यात राहू द्या आणि मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. हाताशी ९५ टक्क्यांचे रेक्टिफाइड स्पिरिट असेल तर ७० मि.ली. घेऊन एकूण ९५ मि.ली. होईपर्यंत डिस्टिल्ड पाणी घाला, झाले ७० टक्के. बोअरचे पाणी वापरू नका. त्यातल्या क्षारांचा पांढरा गढूळपणा येतो आणि तो नेमका केसांच्या ओळींवर बसतो. तयार ७० टक्के अल्कोहोलमध्ये ५ टक्के ग्लिसरीन घालून ठेवा, म्हणजे झाकण सैल राहून स्पिरिट उडाले तरी प्राणी वाळून कडक होणार नाहीत. चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, लेझर प्रिंटची अक्षरे काही महिन्यांत पापुद्र्यासारखी सुटतात. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली जागा, कोणते शेवाळ आणि गोळा करणाऱ्याचे नाव. ‘नमुना ३’ एवढेच लिहिलेली बाटली वर्षभराने कचऱ्यात जाते.

आता गण वेगळे करा. हे काम १० ते ४० पट मोठे दाखवणाऱ्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली एका दुपारी होते. शरीर बाजूंनी चपटे, त्यामुळे प्राणी नेहमी कुशीवर पडतो; पाठीवर सलग ढाल नाही; डोळे देठाशिवाय; शेपटाकडे युरोपॉड नावाच्या उपांगांच्या तीन जोड्या: हा अँफिपॉड, आणि शेवाळातले बहुसंख्य हेच असतील. शरीर वरून चपटे, सातही पायांच्या जोड्या जवळपास सारख्या, युरोपॉडची एकच जोडी: आयसोपॉड. पुण्यात कुंडी उचलली की खाली पळापळ करणारे, काही गोळी होऊन पडणारे राखाडी जीव असतात ना, तेच भाऊबंद. बारीक सुतळीच्या तुकड्यासारखा लांबट देह आणि पहिल्या पायाला खेकड्यासारखी खरीखुरी नांगी असेल तर टॅनेइड. फुगीर डोके-छाती आणि त्यामागे काडीसारखे पोट असेल तर क्युमेशियन, पण तो वाळू-चिखलाचा. शेवाळात चुकून येतो. डोळे देठावर आणि शेपटीच्या पंख्यातल्या आतल्या पाकळीत मण्यासारखा गोल ठिपका दिसला तर मायसिड. तो मणी म्हणजे तोल सांभाळणारे स्टॅटोसिस्ट. काड्यांचा सांगाडा चालतोय असे दिसणारे कॅप्रेला अँफिपॉडच आहेत, पोट जवळजवळ नाहीसे झालेले. १ मि.मी.पेक्षा लहान, मधोमध एकच डोळा असलेले कोपेपॉड तुमच्या चाळणीतून बरेचसे निसटले असतील. शेवाळात बहुतेक हार्पॅक्टिकॉइड असतात, त्यांची जात पाचव्या पायावर आणि इतर पायांच्या केसांच्या मोजणीवर ठरते, आणि तो स्वतंत्र अभ्यास आहे. या प्रकल्पात त्यात शिरू नका.

यापुढे अँफिपॉडवरच जास्त बोलतो, कारण तुमचे फोटो त्यांचेच असणार.

आधी शरीराचा नकाशा डोक्यात पक्का करा, नाहीतर किल्लीतले (गुण ताडत नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यातले) पहिलेच वाक्य अडवते. डोक्यामागे सात मोकळे खंड, प्रत्येकाला पायांची एक जोडी. पहिल्या दोन जोड्या पकडायच्या, त्या नॅथोपॉड १ आणि २. मग चालायच्या पाच जोड्या, पेरिओपॉड ३ ते ७. यांतल्या ३ आणि ४ ची नखे एका दिशेला, ५ ते ७ ची उलट दिशेला. ‘अँफि’ हे नाव तिथूनच. त्यामागे पोटाचे तीन खंड पोहायच्या प्लिओपॉडसह, आणि शेवटी तीन खंड युरोपॉड १, २, ३ सह, टोकाला टेल्सन हा शेपटाचा शेवटचा तुकडा. प्रत्येक पायात सात भाग: कॉक्सा, बेसिस, इस्किअम, मेरस, कार्पस, प्रोपोडस, डॅक्टिलस. अँफिपॉडमध्ये कॉक्सा ढालीसारखा चपटा होऊन बाजूला लटकतो, त्यामुळे नवखा माणूस त्याला शरीराचाच भाग समजतो आणि पुढची सगळी मोजणी एकाने चुकते. मोजणी नखाकडून उलटी करा: नख म्हणजे डॅक्टिलस, त्याआधीचा प्रोपोडस, त्याआधीचा कार्पस. नख प्रोपोडसवर खिशातल्या चाकूच्या पात्यासारखे मिटते त्याला सबकीलेट म्हणतात, आणि पाते जिथे टेकते ती प्रोपोडसची कड म्हणजे तळवा, पाम. जातींच्या वर्णनात सर्वांत जास्त शाई या तळव्यावर खर्च झालेली असते.

मग नर-मादी. प्राणी उताणा करून सातव्या पायांच्या बुडांमधली जागा पाहा. तिथे बोटासारखे दोन अगदी बारीक उंचवटे असतील तर नर. मादीत दुसऱ्या ते पाचव्या पायांच्या आतल्या अंगाला अंडी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, ऊस्टेगाइट, असतात. त्याच जागी कल्लेही लोंबतात आणि गल्लत होते: कल्ला जाडसर, पिशवीसारखा, बिनकेसांचा, पट्टी पातळ, आणि मादी प्रौढ असेल तर पट्टीच्या कडेला लांब केसांची झालर. झालर नसलेली पट्टी म्हणजे मादी अजून वयात आलेली नाही. उंचवटेही नाहीत आणि पट्ट्याही नाहीत असा प्राणी पिल्लू समजून बाजूला ठेवा. फक्त ‘मोठा पंजा म्हणजे नर’ या खुणेवर विसंबू नका, कारण तरुण नराचा नॅथोपॉड २ मादीसारखाच दिसतो आणि दर कातीबरोबर बदलत जातो. एकाच जातीच्या तीन वयांच्या नरांना तीन नावे देण्याची चूक इथूनच होते.

आता दोनशेंची वाटणी दिसण्यावरून करा: डोळ्याचा आकार, स्पर्शिकांची तुलनात्मक लांबी, कॉक्सल प्लेटची खोली, पाठीवर दात किंवा कंगोरा. रंगावर अजिबात जाऊ नका, अल्कोहोलमध्ये तो जातो आणि डोळेसुद्धा फिके पडतात. प्रत्येक ढिगातून सर्वांत मोठे तीन नर आणि अंडी असलेली एक मादी निवडा. त्यांतले दोन नर आणि ती मादी सुटी करायची. तिसरा नर अखंड ठेवायचा, तुलनेसाठी आणि जमा करण्यासाठी.

सुटे करण्याच्या अवजारांसाठी फार खर्च नको. घड्याळजी वापरतात तसले ५ नंबरचे दोन टोकदार चिमटे घ्या. रविवार पेठेत सोनारकामाची अवजारे विकणाऱ्या दुकानांतही विचारून पाहा. घेताना टोके भिंगाखाली जुळतात का ते तिथेच तपासा, कारण एक टोक वाकलेले असेल तर चिमटा केस धरत नाही, पाय फेकतो. सुया म्हणून केमिस्टकडच्या ३१ गेजच्या इन्सुलिन सिरिंज उत्तम. खोलगट काचपट्टी, ग्लिसरीन, कव्हरस्लिप आणि भाग रंगवायला थोडी मेथिलीन ब्लू, एवढ्यावर भागते.

प्राणी अल्कोहोलमधून थेट शुद्ध ग्लिसरीनमध्ये टाकला तर आतले पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाऊन पायांच्या भिंती आत बसतात. तळवा मग खोलगट दिसतो आणि तुम्ही तो गुण म्हणून लिहून ठेवता. त्याऐवजी ७० टक्के अल्कोहोलमध्ये सुमारे १० टक्के ग्लिसरीन मिसळून प्राणी घड्याळकाचेत ठेवा, धूळ पडू नये एवढेच झाका आणि अल्कोहोल आपोआप उडू द्या. एप्रिलमध्ये पुण्यात हे एका दिवसात होते, जुलैच्या दमट हवेत दोन-तीन दिवस लागतात. शेवटी प्राणी आपसूक ग्लिसरीनमध्ये असतो. फॉर्मॅलिनने कडक झालेल्यांना लॅक्टिक आम्लाच्या थेंबात काही तास ठेवले तर ते सैल होतात आणि पारदर्शकही होतात.

सुटे करण्यापूर्वी लांबी मोजून घ्या: डोक्याच्या पुढच्या कडेपासून पाठीच्या वळणाने टेल्सनच्या टोकापर्यंत. अख्ख्या प्राण्याचा बाजूने एक फोटो घ्या. पोटाच्या तिसऱ्या खंडाच्या बाजूच्या ढालीचा मागचा खालचा कोपरा त्यात स्पष्ट यायला हवा. तिथे दात आहे की कोपरा गोल आहे हे बऱ्याच वर्णनांत असते आणि फोटोत दिसणाऱ्या मोजक्या उपयोगी खुणांपैकी ती एक आहे. मग एकाच बाजूचे पाय काढा, दुसरी बाजू जशीच्या तशी ठेवा. पाय कॉक्सासकट यायला हवा: एका चिमट्याने अंग हलकेच धरायचे, सुईची धार कॉक्सल प्लेटच्या वरच्या सांध्यात घालायची. पाय ओढायचा नाही. ओढला की तो बेसिसशी तुटतो. नॅथोपॉड १, २, मग ३ ते ७. त्यानंतर शेवटचे तीन खंड कापून युरोपॉड आणि टेल्सन वरून दिसेल असे पसरा. तोंडाचे भाग शेवटी आणि बाहेरून आत या क्रमाने: आधी मॅक्सिलिपेड, कारण तो बाकी सगळ्यांवर झाकण असतो, मग मॅक्सिला २, मॅक्सिला १, खालचा ओठ, दोन्ही मँडिबल (जबडे), वरचा ओठ. पहिल्या प्राण्याला अख्खा दिवस गेला तर घाबरू नका. हात बसला की दोन तासांत होतो.

हात बसवायला हरिहरेश्वरचा माल खर्ची घालू नका. सुक्या मासळीच्या दुकानातून मूठभर सुका जवळा आणा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून रात्रभर भिजवला की सांधे पुन्हा हलतात. जवळा म्हणजे ॲसेटीस, आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः ॲसेटीस इंडिकस. त्याला चालायच्या पायांच्या चौथ्या आणि पाचव्या जोड्या नसतातच. त्या ‘तुटल्या असतील’ असे न म्हणता तिथे तुटल्याची खूण आहे की नाही हे पाहणे, हाच या सरावाचा अर्धा फायदा. नराच्या पहिल्या प्लिओपॉडवरचे पेटाझ्मा नावाचे गुंतागुंतीचे उपांग न फाडता काढता आले, तर अँफिपॉडच्या नॅथोपॉडला तुमचा हात तयार झाला. उरलेल्या जवळ्याचे काय करायचे ते मी सांगायला नको, फक्त साबणात भिजवलेला नको.

आता काय पाहायचे. तुमच्या शेवाळात जी कुले येण्याची शक्यता जास्त, त्यांच्याच वाटा सांगतो. पहिली फोड मँडिबलवर करा: त्यावर खंडांची स्पर्शिका आहे की नाही. नसेल, डोक्यावरची पहिली स्पर्शिका दुसरीपेक्षा आखूड असेल आणि युरोपॉड ३ अगदी खुंटलेला असेल, तर तुम्ही हायालिडी किंवा टॅलिट्रिडी यांच्याकडे आहात. टॅलिट्रिडी म्हणजे पुळणीवर वाहून आलेल्या शेवाळाखाली टुणटुण उडणारे. त्यांची पहिली स्पर्शिका दुसरीच्या देठाएवढीही नसते. ओल्या खडकावरच्या शेवाळात मिळतात ते बहुधा हायालिडी. त्यांत हायाले आणि पॅरहायाले यांच्यातला फरक नवशिक्याला हमखास फसवतो: पॅरहायालेच्या युरोपॉड ३ ला आतली शाखा असते, पण ती खवल्याएवढी. स्टिरिओखाली ती दिसणारच नाही. तो युरोपॉड वेगळा काढून, आतली बाजू वर करून, संयुक्त सूक्ष्मदर्शकाखाली २०० पटीला किंवा जास्त मोठे करून, फोकस खालीवर करत शोधावी लागते. ‘दिसली नाही’ आणि ‘नाही’ हे दोन वेगळे शेरे आहेत. वहीत ते वेगळेच लिहा.

युरोपॉड ३ आखूड, त्याच्या बाहेरच्या शाखेच्या टोकाला दोन वाकडे हूक आणि टेल्सन अखंड, मांसल: हे अँपिथोइडी, शेवाळाच्या पात्यांची नळी करून राहणारे. खालच्या ओठाच्या बाहेरच्या पाकळीला खाच दिसली की शंका उरत नाही. आत गेल्यावर पहिल्या स्पर्शिकेचा देठ मोजा, तीन खंड. तिसऱ्याच्या टोकाला मुख्य चाबकाखेरीज (देठापुढचा बारीक खंडांचा लांब भाग) एक छोटा जोडचाबूक आहे का पाहा. सायमाड्युसाला असतो, अँपिथोईला नसतो किंवा नावापुरता असतो. तो आतल्या बाजूला दडतो, म्हणून बाहेरच्या बाजूने काढलेल्या फोटोवरून ‘नाही’ म्हणणे चूक.

टेल्सन खोलवर दुभंगलेले, जोडचाबूक स्पष्ट, अंग दणकट आणि नराचा नॅथोपॉड २ भला मोठा असेल तर मेइरिडीकडे वळा. इथे मँडिबलची स्पर्शिका निर्णय देते: तिचा तिसरा खंड कोयत्यासारखा वाकडा आणि कडेला फणीसारखी केसांची ओळ असेल तर एलास्मोपस, सरळ काडीसारखा असेल तर मेइराच्या बाजूचे. मेलिटामध्ये युरोपॉड ३ ची बाहेरची शाखा लांब आणि आतली अगदी टिकलीएवढी. गंमत म्हणजे हा लांब युरोपॉडच सर्वांत आधी तुटतो, आणि मग माणूस प्राण्याला भलत्याच कुलात नेऊन बसवतो. सांध्याच्या जागी रिकामी खोबण दिसते का ते पाहा. सावित्रीच्या खाडीकडच्या गाळाजवळून काही घेतले असेल तर ग्रँडिडिएरेलाही असू शकतो: नराचा पहिला नॅथोपॉड दुसऱ्यापेक्षा मोठा, आणि नांगीचे दात प्रोपोडसऐवजी कार्पसवर. युरोपॉड ३ ला एकच शाखा.

कॅप्रेलात वाट सोपी आहे. पेरिओपॉड ३ आणि ४ नाहीत, त्यांच्या जागी कल्ले. मँडिबलला स्पर्शिका नाही. पुढे जातीसाठी अंगावरचे काटे, नराचा नॅथोपॉड २ आणि पोटाचा उरलेला तुकडा. पण काट्यांची संख्या वयाबरोबर बदलते, म्हणून पुन्हा मोठा नरच.

आयसोपॉडबद्दल थोडक्यात. गोळी होणारे आणि पोटाचे शेवटचे खंड एकसंध ढालीसारखे जुळलेले असतील तर स्फेरोमॅटिडी. युरोपॉडच्या बाहेरच्या पाकळीची कड दातेरी आहे का, ढालीवर उंचवट्यांच्या ओळी आहेत का आणि चौथ्या-पाचव्या प्लिओपॉडच्या कोणत्या शाखांवर मांसल घड्या आहेत, हे तीन पाहा. प्रौढ नराच्या दुसऱ्या प्लिओपॉडला आतल्या बाजूने काडीसारखे ॲपेंडिक्स मॅस्क्युलिना असते. नर ठरवायची तीच खूण. खडकांवर झुरळासारखे धावणारे मोठे लिजिया शेवाळाच्या नमुन्यात फारसे येत नाहीत, ते पाण्याच्या वर राहतात.

आतापर्यंतचा क्रम पुन्हा एकदा: धुऊन अल्कोहोल, गणांची वाटणी, नर-मादी-पिल्लू, दिसण्यावरून ढीग, मोठ्या नराची एक बाजू सुटी, मँडिबलची स्पर्शिका आणि युरोपॉड ३ वरून कुल-प्रजाती, आणि सर्वांत शेवटी तळवा.

तळव्याशी पोहोचल्यावर दोन-तीन चुका हमखास होतात. कव्हरस्लिपच्या वजनाने नॅथोपॉड तिरका दाबला जातो, तळव्याचा कोन बदलतो, मधला दात कडेला दिसतो. कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांखाली मेणाचे किंवा मातीच्या गोळीचे पाय द्या, नॅथोपॉडची बाहेरची बाजू वर ठेवा, आणि चित्र काढून झाल्यावर उलटून आतली बाजूही काढा. एलास्मोपसच्या तळव्यावर केसांचे दाट जंगल असते आणि दात त्याच्या आड असतात. दुसरे, डावा-उजवा दोन्ही पाहा. तुटून पुन्हा उगवलेला नॅथोपॉड लहान आणि साधा असतो. मात्र दोन्ही बाजूंतला फरक म्हणजे दुखापतच, असेही धरून चालू नका: डुलिकिएलाच्या नरात एका बाजूचा नॅथोपॉड २ मुळातच अवाढव्य आणि दुसरा लहान असतो. एकाच ढिगातल्या तीन-चार नरांत तीच विषमता असेल तर ती जातीची खूण. तिसरे, लहान-मोठेपणाचे शब्द टाळा आणि मापे लिहा. आयपीसमधली पट्टी प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला वेगळी पडताळावी लागते, त्यासाठी १ मि.मी.चे १०० भाग केलेली स्टेज मायक्रोमीटर काचपट्टी विभागात असतेच. ‘प्रोपोडस लांब’ यापेक्षा ‘लांबी रुंदीच्या १.६ पट’ हे वर्णनाशी ताडता येते.

चित्र काढाच. फोटोत एक पातळीच फोकसमध्ये असते. हाताने काढताना प्रत्येक केस कुठून उगवतो हे पाहावेच लागते. कॅमेरा ल्युसिडा (सूक्ष्मदर्शकातली प्रतिमा कागदावर गिरवायचे उपकरण) नसेल तर प्रिंटवर ट्रेसिंग कागद ठेवून बाह्यरेषा गिरवा आणि बारकावे सूक्ष्मदर्शकातून भरा.

आता नावाचा प्रश्न. किल्ली निवडताना ती कुठल्या समुद्राची आहे हे आधी पाहा. भूमध्य समुद्राची किल्ली कोकणातल्या प्राण्याला लावली तरी ती कुठलेतरी नाव देतेच. किल्लीला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. एलास्मोपस रॅपॅक्स हे उत्तम उदाहरण. १८५३ साली कोस्टाने भूमध्य समुद्रातल्या प्राण्याला दिलेले हे नाव पुढे जगभरच्या, भारतातल्याही, नोंदींत पसरले, आणि नंतर दिसून आले की या नावाखाली अनेक जाती दडल्या आहेत. त्याच १८५३ मधले डॅनाचे पॅरहायाले हवाईएन्सिस आज उष्ण कटिबंधात सगळीकडे नोंदवले जाते. तिथेही हाच सावधपणा हवा. किल्लीने नाव दिले की मूळ वर्णन आणि त्यातली चित्रे उघडा. जुनी बरीचशी बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आजचे मान्य नाव कोणते हे सागरी जीवांच्या जागतिक नोंदवहीत, वर्म्समध्ये, तपासा. चित्र जुळले पण एखाद-दोन गुण खटकत असतील तर प्रजाती आणि जातीच्या मध्ये ‘सीएफ.’ (म्हणजे ‘ताडून पाहा’) घाला. प्रजाती पक्की, जात नाही, तर ‘एसपी. १’, ‘एसपी. २’ आणि प्रत्येकाची चित्रे. परीक्षक यावर गुण कापतील ही भीती असते. चुकीच्या पूर्ण नावापेक्षा चित्रासह ‘एसपी. १’ केव्हाही बचाव करता येण्यासारखे.

डीएनएने सोपे होईल का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. फॉर्मॅलिनमधल्या मालावर त्याची आशा धरू नका. पुढच्या फेरीत नमुन्याचे दोन भाग करा. एक भाग थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, प्राण्यांच्या किमान चार-पाच पट अल्कोहोल, आणि २४ तासांनी ते बदलायचे, कारण प्राण्यांतल्या पाण्याने ते पातळ होते. तरीही जात ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा क्रम जुळवायला साठ्यात बरोबर ओळखलेल्या प्राण्याचा क्रम असावा लागतो, आणि तो कुणीतरी पाय सुटे करूनच ओळखलेला असतो. दुसरा भाग आकारशास्त्रासाठी: समुद्राच्या पाण्यात साध्या सोड्याची बाटली ओतून किंवा अल्कोहोलमध्ये घोळवलेले लवंगाचे तेल काही थेंब टाकून प्राणी आधी सुस्त करा, हालचाल थांबल्यावर समुद्राच्याच पाण्यात बनवलेले, बोरॅक्स घातलेले १० टक्के फॉर्मॅलिन. चाळणी अर्ध्या मिलिमीटरची. जायचे ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटी पूर्ण लागायच्या तासभर आधी खडकावर पोहोचेल असे. भांगाच्या दिवसांत सारगॅसमचा पट्टा उघडाच पडत नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात जायचा विचार असेल तर आधी परवानगी.

आणि पुण्यात असल्याचा एक फायदा घ्या. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. मार्गदर्शकांचे पत्र घेऊन, आधी वेळ ठरवून जा, आणि जाताना बरणी नेऊ नका. एका ढिगातला अखंड नर, त्याच जातीच्या सुट्या भागांच्या काचपट्ट्या, तुमची चित्रे आणि मापांचा तक्ता न्या. काचपट्ट्या ग्लिसरीनच्या असतील तर कडा नेलपॉलिशने दोनदा बंद करून, आडव्या ठेवून न्या. उभ्या ठेवल्या की कव्हरस्लिप घसरते आणि बाराव्या नंबरचा मँडिबल तेराव्या पट्टीवर सापडतो.